दहावीचा शेवटचा पेपर, मित्राची गच्ची आणि माझ्या बाटलीतला कोरा चहा

हळदीचं_पोतं (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. एरवी भडंग कुणाचं चांगलं आणि पाऊस कुठवर आलाय यापलीकडं मी इथं काही लिहीत नाही. आज लिहितोय, थोडं विस्कळीत होईल.

शुक्रवारी चिरंजीवांचा दहावीचा शेवटचा पेपर झाला. वय सोळा. संध्याकाळी मित्राच्या गच्चीवर पावभाजी, मग मोबाईलवर सिनेमा, साडेदहाला घरी, असं ठरलं होतं. पावणेअकराला खाली रिक्षा थांबली, बेल वाजली. दारात दोन पोरं याला बगलेत धरून उभी. "काका, याला ॲसिडिटी झालीय." एवढं बोलून दोघं जिन्यानं पसार. असली ॲसिडिटी मला वासावरून कळते, मी स्वतः शनिवारी दोन पेग घेणारा माणूस आहे.

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. शर्ट बदलला. लिंबूपाणी पाजायला गेलो, ते निम्मं गळ्यावर सांडलं. पलंगावर उताणा झोपवला, पंखा पाचवर केला, दार ओढून घेतलं. बायकोला म्हटलं, "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. मग बघतो याच्याकडं." माझ्या वडिलांनी मला असंच झोपवलं होतं आणि सकाळी पट्ट्यानं उठवलं होतं.

बायकोनं ऐकलं नाही. सव्वाबाराला ती बघायला गेली. घशातून घरघर, उशीवर पावभाजी, ओठ निळसर, अंग गारढोण. हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर हूं नाही. तिनं त्याला कुशीवर लोटलं आणि ओरडली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेला. तिथं रक्तातली साखर निघाली ४८. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाई सुई लावता लावता मला एवढंच म्हणाल्या, "किती वाजल्यापासून झोपवून ठेवलाय?"

आता बरा आहे. काल दुपारी घरी आणला. तो म्हणतो, दोनच घोट घेतले. दोन घोटांत असं होतं का? आणि याच्याशी आता बोलू काय? कालपासून आम्ही दोघं एकमेकांना "जेवलास का" एवढंच विचारतोय.

ठसका | रविवार, ९:४०

पोरगं बरं आहे ना, मग झालं. दहावीनंतर गच्चीवर न प्यायलेला माणूस आमच्या बॅचमध्ये एकच होता, तो आता कीर्तन करतो. माझे आजोबा रोज सकाळी ताडी घेत, ९१ व्या वर्षी गेले, तेही विहिरीवर पाय घसरून. फार मनावर घेऊ नका, दोन दिवस मोबाईल काढून घ्या.

खडीसाखर | रविवार, ९:५५

ठसका, ओठ निळे पडले होते हे वाचलंत का?

वहिनींना माझा नमस्कार सांगा, हळदीचं पोतं.

दुसरीपाळी | रविवार, ११:३०

मी तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टी करते. तुमच्या दोन घोटांचं नंतर बघू. आधी ते "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" बघू, कारण हे वाक्य मी दर थर्टी फर्स्टला, दर होळीला आणि दर गटारीला नातेवाइकांच्या तोंडून ऐकते.

दारूला पचावं लागत नाही. साधारण पाचवा हिस्सा जठरातूनच रक्तात जातो, बाकीची लहान आतड्यातून. पोट रिकामं असेल तर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं. पोटात पावभाजी असेल तर जठर आपलं खालचं दार आवळून बसतं आणि दारू हळूहळू पुढं सोडतं. म्हणजे तुम्ही पावणेअकराला दार ओढून घेतलंत तेव्हा त्याची उतरायला लागलीच नव्हती. ती अजून चढत होती. शेवटचा घोट घेतल्यावर तास-दीड तास चढत राहू शकते.

उतरवायचं काम यकृताचं. तिथं दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हे खरं विष. तोंड लाल होणं, मळमळ, सकाळचं ठणकणारं डोकं यात त्याचा मोठा वाटा. मग त्याचं ॲसिटेट होतं, ते निरुपद्रवी. पण यकृत म्हणजे एकच खिडकी उघडी असलेलं रेशन दुकान. तासाला सात-आठ ग्रॅम, फार तर दहा. बाहेर कितीही रांग लागो, आतला माणूस हात उचलत नाही. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही त्याचा वेग वाढत नाही. कॉफी पाजलीत तर झोपाळलेल्या दारुड्याचा जागा दारुडा होतो, एवढंच.

साखर ४८ का? उपाशी असताना यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडत असतं. दारू आली की ते काम बाजूला पडतं. मोठ्या माणसाकडं साठा असतो, मुलांकडं तो कमी. पेपरच्या दिवशी तुमचा मुलगा दुपारी धड जेवलाही नसेल. साखर उतरलेलं मूल बडबडतं, लडखडतं, मग निपचित पडतं आणि घरच्यांना वाटतं, चढलीय.

मेंदू वरून खाली बंद होत जातो. आधी कपाळामागचा भाग, जो "हे करू नको" म्हणतो. म्हणून पहिल्या पेगला माणूस मोकळा होतो. मग तोल सांभाळणारा लहान मेंदू. मग आठवण नोंदवणारा भाग, तेव्हा माणूस बोलतो-चालतो, रिक्षात बसतो, पण सकाळी त्यातलं काही आठवत नाही. नोंदच झालेली नसते, आठवणार कुठून. सगळ्यात शेवटी मेंदूचा देठ, जिथून श्वास चालतो. घशात काही आलं की ठसका लागतो ना, ती सोयही याच टप्प्यात बंद पडते. (ठसका, हे तुम्हाला उद्देशून नाही.) उताणं झोपलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते. दारू प्यायलेली मुलं बरेचदा अशी दगावतात. फार प्यायली म्हणून ती जातातच असं नाही, उताणी झोपवली म्हणूनही जातात.

आणि तो पंखा. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून पिणाऱ्याला गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर सांडत असते.

तर: हाक-चिमट्याला उत्तर नाही, श्वास मिनिटाला आठाच्या खाली किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, अंग गार, ओठ-नखं निळसर, झटके, बेशुद्धीत उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी १०८. सगळी लक्षणं जमायची वाट बघू नका. गाडी येईपर्यंत कुशीवर, वरचा गुडघा वाकवून पुढं, तोंड किंचित खाली. डावी कूस की उजवी यावर भांडत बसू नका. ओठांशी दिसतंय ते पुसा, आंधळेपणानं घशात बोट घालू नका, उलटी काढू नका. आणि कुणीतरी शेजारी बसून राहा.

तुमच्या बायकोनं काहीही न वाचता बरोबर केलं.

हळदीचं_पोतं | रविवार, ११:५८

डॉक्टर, वाचलं. पंखा मीच पाचवर केला होता. दोनदा वाचलं.

ठसका | रविवार, दुपारी १२:२०

श्वासाचं मला माहीत नव्हतं. वरचं मागे घेतो. आजोबांचं मात्र खरं आहे.

दुसरीपाळी | रविवार, १२:४५

असेलच. त्यांच्याबरोबर ताडीच्या झाडाखाली बसणाऱ्यांपैकी सत्तरी किती जणांनी पाहिली, तेही घरात विचारून बघा. जे गेले त्यांचे नातू "आमचे आजोबा" म्हणून गोष्ट सांगायला येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू आहे त्याच गटात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांत स्तन. २०२३ च्या जानेवारीत संघटनेनं आणखी स्पष्ट सांगितलं की सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. ताडी असो, वाईन असो, उंची स्कॉच असो, आतला रेणू एकच.

मधलीसुट्टी | रविवार, दुपारी ३:०५

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मुलं काय बोलतात ते कानावर येतं म्हणून सांगतो. त्यांच्या लेखी बिअर ही दारू नाही. ब्रीझर तर सरबत. एकानं मला चक्क विचारलं, "सर, बिअरनं किडनी साफ होते ना?" त्याला हे त्याच्या काकांनी सांगितलं होतं.

२०१९ साली दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभरची पाहणी आली, त्यात १० ते १७ वयोगटात दारू घेणारे १.३ टक्के निघाले. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, चला, फारच कमी. मी म्हटलं, आपल्या वर्गात साठ मुलं. साठात जवळपास एक येतो. मग प्रत्येक जण आपापल्या वर्गातला तो एक कोण असेल याचा विचार करत गप्प बसला.

दुसरीपाळी | रविवार, ३:३०

सर, किडनीचं असं सांगा. लघवी रोखून धरणारं एक संप्रेरक असतं, दारू त्याला दाबते. म्हणून बिअर पिणारा सारखा उठतो. साफसफाई काही होत नाही, अंगातलं पाणी जातं. सकाळी घसा कोरडा आणि डोकं जड, त्यात याचाही हात आहे.

आणि हिशोब फळ्यावर मांडून दाखवा. निव्वळ अल्कोहोलचं वजन पाण्यापेक्षा कमी, एका मिलीलिटरला ०.७९ ग्रॅम. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के. म्हणजे तीस मिलीचा छोटा पेग = १० ग्रॅम. पाच टक्क्यांची साडेसहाशे मिलीची बिअर = २६ ग्रॅम, अडीच पेग. आठ टक्क्यांची स्ट्राँग = ४१ ग्रॅम, चार पेग. पावणेतीनशे मिलीचं ते रंगीत सरबत, म्हणजे ब्रीझर = एक पेग. क्वार्टर, म्हणजे १८० मिली = ६१ ग्रॅम. आता तासाला सात-आठ ग्रॅम या वेगानं भागाकार मुलांनाच करू दे.

हळदीचं_पोतं | रविवार, रात्री ९:५०

आज दुपारी साडू आले होते. माझ्या मनात नव्हतं, पण त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. ओतली, एक घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरून म्हणाले, "पावणं, ही व्हिस्की आहे की घशाचा काढा?"

कोरा चहा. गाळून, गार करून, अगदी रंग जुळवून भरलेला. बाटलीत दारू निम्मी, चहा निम्मा. दवाखान्यात बसून मी त्या पोरांच्या घरच्यांना शिव्या घालत होतो. कुणी दिली, कुठल्या दुकानानं दिली. माझ्याच कपाटातून गेली होती.

साडूंसमोर हसलो. ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन बसलो जरा वेळ.

ठसका | रविवार, ९:५८

माफ करा, पण रंग जुळवला म्हणजे पोरगं सायन्सला घालायला हरकत नाही.

खडीसाखर | रविवार, १०:०२

ठसका!

ओळखीचा_वकील | रविवार, १०:३०

दारू कुणी दिली यावरून पुढं विषय निघेलच म्हणून सांगून ठेवतो. महाराष्ट्रात बिअर-वाईनला वय २१, बाकी दारूला २५. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, तो एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. गोव्यात वय १८. आपली कॉलेजची पोरं शनिवारी बांद्याचा नाका का ओलांडतात ते यात आलं. बालन्याय कायद्याचं कलम ७७ मात्र देशभर एकच. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. देणारा दुकानदार असो, मित्राचा भाऊ असो, की "घे रे एक घोट, पुरुष हो" म्हणणारा काका असो.

आणि गाडीची किल्ली. रक्ताच्या शंभर मिलीत तीस मिलिग्रॅमच्या वर दारू म्हणजे गुन्हा, ही मोठ्यांसाठीची मर्यादा. अल्पवयीन चालवत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा, त्याच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध.

चांदाकर | सोमवार, सकाळी ७:१५

कायदा हाय, पण कायद्यानं सगळं होत नाही जी. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासून हाय, वर्ध्यात तर त्याच्याही आधीपासून. बायांनी मोर्चे काढले, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, बंदीत आमच्या गल्लीतली भांडणं खरंच कमी झाली होती. पण दप्तरातून बाटल्या नेणारी पोरं बी मी तेव्हाच पाहिली. पोलीस दप्तर तपासत नाही ना. पोरगं आधी बाटली पोचवते, मग एक दिवस चाखते.

ऱ्हाइनकाठ | सोमवार, दुपारी १:४०

जर्मनीतून. इथं सोळाव्या वर्षी दुकानातून बिअर आणि वाईन उघड घेता येते, कडक दारू अठराला. इकडे येणाऱ्या आपल्या पाहुण्यांची आवडती थिअरी असते की युरोपात घरीच शिकवतात म्हणून मुलं बेताल पीत नाहीत. शुक्रवारी रात्री अकराच्या लोकलमध्ये त्यांना बसवावं असं मला नेहमी वाटतं.

त्यापेक्षा आइसलँडचं बघा. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के "गेल्या महिन्यात झिंगलो होतो" म्हणत होती. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. भाषणं देऊन नाही. दारूचं वय २० केलेलंच होतं. त्यावर मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं त्याची वेळ ठरवली आणि ती पाळली जाते का बघायला आई-वडीलच गटागटानं रस्त्यावर फिरायला लागले. खेळ, वाद्य, नाच यांच्या शिकवणीसाठी मुलामागं पैसे दिले. दरवर्षी शाळाशाळांतून पाहणी आणि तिचा निकाल त्या त्या गावाला. संध्याकाळी करायला काहीतरी आणि घरात कुणीतरी, एवढंच म्हणा.

ठसका | सोमवार, २:०५

त्यांची लोकसंख्या आमच्या कोल्हापूर शहराएवढी पण नाही. इथं पालकांनी गटागटानं फिरायचं ठरवलं तर वाटेत बारमध्येच बसतील.

एकेक_दिवस | सोमवार, रात्री ११:२०

पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय इथं. आज लिहितो.

माझी सुरुवात चौदाव्या वर्षी. वडिलांचे मित्र रविवारी पत्त्यांना बसत. बाटल्या, ग्लास उचलायचं काम माझं. तळाशी बोटभर राहिलेलं स्वयंपाकघरात नेता नेता प्यायचो. गोड थंड्यात मिसळलेली, बर्फ वितळलेली, कुणाच्या तरी सुपारीचा वास असलेली. मला कधी चढायची नाही. मित्र ओकायचे, मी त्यांना घरी सोडायचो. "याची कपॅसिटी बघा" म्हणायचे सगळे. मलाही अभिमान वाटायचा. ती कपॅसिटी मला एकतीस वर्षांपर्यंत पुरली. त्या वर्षी सकाळी दाढी करताना हात इतका थरथरायचा की आधी घोटभर घेतल्याशिवाय वस्तरा धरता यायचा नाही.

डॉक्टर, तुम्ही सांगा, लहानपणी चढत नाही ते का?

धागाकर्त्याला एकच. मुलगा त्या दिवशी ओकला, निळा पडला, तुम्ही घाबरलात. माझ्या घरी कुणाला घाबरायची वेळच आली नाही.

दुसरीपाळी | मंगळवार, सकाळी ६:४०

रात्रपाळी संपवून लिहितेय.

एकेक_दिवस, तुम्ही विचारलंत ते या विषयातलं सगळ्यात फसवं. मोठ्या माणसाला जास्त झाली की पेंग येते, पाय लटपटतात, तो थांबतो किंवा पडतो. किशोरवयात हे दोन्ही ब्रेक ढिले असतात. पेंग उशिरा, लटपट कमी, मजा मात्र पूर्ण. मग मूल पीत राहतं. त्याच वेळी आठवण आणि शिकणं सांभाळणारा भाग मोठ्यांपेक्षा जास्त मार खात असतो. कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत बांधकामातच असतो, स्लॅब वाळायच्या आधी वर सिमेंटची पोती रचल्यासारखं ते. "कपॅसिटी" असलेला मुलगा हा जास्त काळजीचा. चढत नाही याचा अर्थ यकृत दणकट असा घेऊ नका, मेंदू सूचनाच देत नाही.

अमेरिकेत १९९७ साली एक मोठी पाहणी छापून आली. पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पुढं कधीतरी दारूच्या आहारी गेले. वीस किंवा त्याहून मोठ्या वयात सुरुवात केलेल्यांत हेच दहा टक्क्यांच्या आसपास. आता यात सगळा दोष वयाचा असं नाही. ज्या घरात बाटली हाताशी असते तिथं बाकीही बरंच हाताशी असतं, शिवाय रक्तातूनही काही येतं. पण चौपट हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही.

आणि तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

खडीसाखर | मंगळवार, ९:१०

एकेक_दिवस, आता किती वर्षं झाली?

एकेक_दिवस | मंगळवार, ९:३५

वर्षं मोजत नाही, नाव बघा. पण बायको मोजते. तिच्या हिशोबानं चौदा.

ओळखीचा_वकील | मंगळवार, १०:००

कुणाला पत्ता लागला तर: पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. मुलांसाठी १०९८. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा बऱ्याच शहरांत भरतात, पैसे पडत नाहीत.

निवांत_गल्ली | मंगळवार, दुपारी ४:२०

एक बारका प्रश्न. पोरांना बाटलीची दारू परवडत नाही, आमच्या बाजूला हातभट्टीवर जातात. तिचा फरक काय? तीस रुपयात फुगा, म्हणजे प्लॅस्टिकची भरलेली पिशवी मिळते.

दुसरीपाळी | मंगळवार, ५:०५

मोहाची असो, गुळाची असो, नीट गाळलेली असली तर तिच्यातही हाच रेणू, फक्त किती टक्के ते भट्टीवाल्यालाही ठाऊक नसतं. मरण येतं ते जोर वाढवायला कारखान्यातलं मिथेनॉल मिसळतात तेव्हा. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून जास्त माणसं गेली ती त्यानंच. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, जे मुंग्यांच्या डंखात असतं, आणि ते आधी डोळ्यांच्या नसा धरतं. फसवणूक अशी की पहिले बारा-चोवीस तास माणूस बरा दिसतो, नुसती नेहमीची नशा. मग पोटात दुखतं, धाप लागते, समोर पांढरं धुकं दिसायला लागतं. धुकं म्हटलं की थेट मोठा दवाखाना, आणि काय प्यायलं ते खरं सांगायचं. वेळेत आलं तर औषध आहे.

हळदीचं_पोतं | बुधवार, रात्री १०:४५

मंडळी, बोलणं झालं. मी काही ठरवून बसलो नव्हतो. जेवण झाल्यावर हा धागा उघडून फोन त्याच्यापुढं ठेवला, वर माझं नाव दिसतच होतं. म्हटलं, वाच. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

वीस मिनिटांनी तो वही-पेन घेऊन आला. बाटलीतून त्यांनी निम्मी काढली होती, पावणेचारशे मिली. तिघं होते. एकानं फक्त ओठ लावले, कारण त्याची आई वास घेते. दुसऱ्यानं निम्म्याहून थोडी जास्त, थंड्यात घालून, तासभर लावून. "आणि बाबा, मी बाकीची. पाण्याच्या बाटलीतून. पैज होती." वहीत लिहून आणलं होतं: १८० मिली, ६१ ग्रॅम, वजन ५१ किलो, वेळ "दहा-पंधरा मिनिटं". खाली भागाकार करून नऊ तास काढलेले.

दोन घोट म्हणत होता ना, ते त्याच्या आठवणीतले खरोखर दोनच होते. रिक्षा त्याला आठवत नाही. माझ्या हातचं लिंबूपाणीही नाही.

मग मला म्हणाला, "तुमचा शनिवारचा एक पेग साठ मिलीचा असतो. म्हणजे दोन नाही, चार." मी काही बोललो नाही. बाटली परवाच ओतली होती, चहासकट, पण ते त्याला सांगून श्रेय घ्यावंसं वाटलं नाही. या शनिवारचं या शनिवारी बघू.

ठसका | बुधवार, १०:५७

नऊ तासांचा भागाकार बरोबर आहे का डॉक्टर?

दुसरीपाळी | बुधवार, ११:१०

बरोबर आहे, आठ-नऊ. एवढ्या वजनाच्या मुलात रक्तातली दारू शंभर मिलीला दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅमपर्यंत गेली असणार, वकीलसाहेबांच्या मर्यादेच्या पाचपट. प्यायची सवय नसलेल्या मुलात त्यावर साखर उतरली की बेशुद्धी. पैजेत प्यायलेली जास्त घातक ती यासाठी. उलटी होऊन पोटानं ती बाहेर फेकायच्या आतच सगळी आत गेलेली असते.

मधलीसुट्टी | गुरुवार, सकाळी ८:३०

डॉक्टर, तुमचा रविवारचा पहिला प्रतिसाद आणि तो ग्रॅमचा हिशोब छापून शाळेत लावू का? जूनमध्ये नवी दहावी बसते. मुख्याध्यापिकांना विचारलंय, त्या म्हणतात "पेग" हा शब्द फलकावर कसा लिहायचा. मी म्हटलं, "तीस मिली" लिहितो.

दुसरीपाळी | गुरुवार, ८:५५

छापा की. माझं थर्टी फर्स्टचं रडगाणं काढा, रेशन दुकान राहू द्या. १०८ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आणि कुशीवर झोपवलेल्या मुलाचं चित्र कुणाकडून तरी काढून घ्या, वाचायला कुणी थांबत नाही.

हळदीचं_पोतं | गुरुवार, ९:२०

चिरंजीव म्हणतायत चित्र ते काढून देतील. अट एकच, पंख्याची ओळ वगळा. गावात सगळे आमचा धागा वाचतात, घर ओळखतील.

ठसका | गुरुवार, ९:२४

पंखा ठेवा हो सर. आमच्या घरीही पाचवरच असतो.